बाटली तपकिरी का असते?

गेल्या वर्षी अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याचा फोन आला. तिकडे घरच्या वापरापुरती बिअर तयार करण्यास १९७८ च्या कायद्याने मुभा मिळाली आहे आणि या छंदाने त्यालाही ओढले आहे. तो म्हणाला, "मामा, बिअर उत्तम झाली होती. थोडी पारदर्शक बाटल्यांत भरून खिडकीपाशी ठेवली, उरलेली खोक्यात ठेवली. खिडकीतल्या बाटल्यांना चार दिवसांत विलक्षण घाण वास सुटला. जंतू शिरले असतील का?"

दारूबंदी असलेल्या गुजरातेत, तेही एका बालरोगतज्ज्ञाला हा प्रश्न विचारला जावा, याची मला गंमत वाटली. परंतु एकाच पिंपातली बिअर खोक्यात चांगली राहिली आणि खिडकीत नासली, यावरून जंतूंपेक्षा उजेडाचा संशय अधिक बळावत होता. त्याचे उत्तर शोधता शोधता मी माझ्याच दवाखान्यात येऊन पोहोचलो.

बिअरला कडवटपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमुळे. या फुलांतील कडू द्रव्ये स्वतः दृश्य प्रकाश फारसा शोषून घेत नाहीत. मात्र बिअरमध्ये रायबोफ्लेविन, म्हणजे आपल्या परिचयाचे ब-२ जीवनसत्त्व असते. ते पिवळे असते, म्हणूनच निळा प्रकाश शोषून घेते. ही शोषलेली ऊर्जा कडू द्रव्यांचे विघटन घडवते. त्यांचे तुकडे बिअरमधील गंधकाशी संयोग पावतात आणि एक दुर्गंधी संयुग तयार होते. स्कंक नावाच्या प्राण्याच्या दुर्गंधीशी या वासाची तुलना केली जाते. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढे अत्यल्प प्रमाणही माणसाच्या नाकाला जाणवते. उजेडाने बिअरला वास येतो हे जर्मन रसायनज्ञ लिंटनर यांनी १८७५ मध्येच नोंदवले होते. त्यामागील रसायनशास्त्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडत गेले.

तपकिरी काच निळा आणि अतिनील प्रकाश बऱ्याच अंशी अडवते. हिरवी काच फार थोडा अडवते, तर पारदर्शक काच निळा प्रकाश जवळजवळ अडवतच नाही. म्हणून भाच्याला मी सांगितले, "तपकिरी बाटल्या वापर आणि त्याही बंद कपाटात किंवा खोक्यात ठेव. ट्यूबलाइटचा उजेडही सावकाश तेच काम करतो. एकदा आलेला वास फ्रिजमध्ये ठेवून जात नाही."

येथवरची कथा गमतीची. पण हेच रायबोफ्लेविन दुधात भरपूर असते. काचेच्या बाटलीतील दूध दोन तास थेट उन्हात राहिले तर त्यातील निम्मे किंवा त्याहूनही अधिक ब-२ नष्ट होऊ शकते आणि चवही बिघडते. मुंबईत एके काळी आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून घरोघरी येई, तेव्हा बाटली दारात उन्हात राहू नये हे पाहणे शहाणपणाचेच होते. आज पिशवीतील दुधालाही तोच नियम लागू आहे.

आता माझ्या विषयाकडे येतो. १९५६ मध्ये इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बाहेर मोकळ्या हवेत नेत असत. एका बाळाची कावीळ उघड्या त्वचेवरून उतरली होती, पण चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला भाग पिवळाच राहिला होता, हे त्यांच्या लक्षात आले. पुढे तेथेच उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यातील बिलिरुबिन बरेच घटलेले आढळले. या निरीक्षणांतून डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये प्रकाशोपचाराची पद्धत प्रसिद्ध केली. आज आपल्या नवजात कक्षांत जळणारे निळे दिवे ही तिचीच देणगी आहे. हा प्रकाश बिलिरुबिनचे रूप पालटतो आणि ते शरीराबाहेर टाकणे सोपे होते.

परंतु जे बाळाच्या त्वचेत उपकारक, तेच परीक्षानळीत घातक ठरते. काही वर्षांपूर्वी नवागामात चार दिवसांचे एक बाळ माझ्याकडे आले. खान्देशातून कामासाठी आलेले तरुण जोडपे होते. बाळाचे तळपायही पिवळे दिसत होते. वडील रक्ताची नळी हातात धरून वैशाखातल्या उन्हातून प्रयोगशाळेत गेले आणि तेथे ती बराच वेळ खिडकीपाशी पडून राहिली. अहवाल आला १३ मिलिग्रॅम! कागदावर विश्वास ठेवला असता तर मी बाळाला घरी पाठवले असते. डोळ्यांना दिसणारे व कागदावरचे जुळेना, म्हणून पुन्हा रक्त घेतले, एक्स-रे फिल्मच्या पाकिटातील काळ्या कागदात नळी गुंडाळली आणि लगेच तपासून घेतली. आकडा आला साडेअठरा. त्याच रात्री बाळाला दिव्याखाली ठेवले. आज तो मुलगा शाळेत जातो. तेव्हापासून उघडी नळी माझ्या दवाखान्यातून बाहेर पडलेली नाही.

औषधांचेही तसेच आहे. 'अ' जीवनसत्त्वाचे द्रावण, फ्रुसेमाइड, निफेडिपिन ही सारी उजेडाने खराब होतात. बीसीजी व गोवर-रुबेलाच्या लसींच्या कुप्या तपकिरी असतात त्या याच कारणाने. पण पुष्कळ माता मोठ्या बाटलीतले औषध "किती उरले ते दिसावे" म्हणून पारदर्शक बाटलीत ओततात आणि ती खिडकीत ठेवतात. औषध नासल्याचे दर वेळी दिसून येत नाही. वास येत नाही, रंगही पालटेलच असे नाही. बिअर निदान वासाने सावध करते, औषध तेवढेही करत नाही.

म्हणून सर्वांना विनंती आहे. औषध मूळ बाटलीतच आणि मूळ खोक्यात ठेवावे. दूध, तेल व तूप उन्हापासून दूर, झाकून ठेवावे. व्यवसायबंधूंनी बिलिरुबिनचा नमुना काळ्या कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळूनच पाठवावा आणि बाळ व अहवाल यांत मेळ नसेल तर बाळावर विश्वास ठेवून तपासणी पुन्हा करावी. आणखी एक गोष्ट आजी-आजोबांसाठी. प्रकाशाने कावीळ उतरते हे खरे असले तरी कोवळे ऊन हा दिव्यांच्या उपचाराला पर्याय नव्हे. पिवळे दिसणारे बाळ अंगणात घेऊन बसण्यापेक्षा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

भाच्याची नवी बिअर आता कपाटात आहे आणि उत्तम असल्याचे तो कळवतो. ती चाखण्याचा योग मला नाही. मात्र त्याच्या प्रश्नामुळे रोज हाताळत असलेल्या तपकिरी बाटलीकडे मी पुन्हा नीट पाहिले, हे माझ्यासाठी पुरेसे आहे.