सोयाबीनच्या मापाचं बी

कपाळफोडीची वेल परसात लावावी की उपटून टाकावी, हा प्रश्न वाशीम जिल्ह्यात तरी सोयाबीन बाजूला ठेवून सुटत नाही. पावसाबरोबर उगवणारी, कुंपणावर किंवा झुडपावर दोन-तीन मीटर चढून हिवाळ्यात वाळून जाणारी ही वेल रिठ्याच्या कुळातली आहे, हे तिची नाजूक पानं पाहून खरं वाटत नाही. कार्डिओस्पर्मम हॅलिकॅकॅबम हे तिचं शास्त्रीय नाव. कुठे कुठे तिला कानफुटीही म्हणतात. ती अंगणात जरूर लावावी, पण तिच्या प्रत्येक बीवर लक्ष ठेवायची तयारी असेल तरच, असं माझं मत आहे. या वेलीचं बी जितकं देखणं आहे, तितकंच ते इथल्या मुख्य पिकाला अडचणीचं आहे.

आधी ओळख पक्की हवी. वाशीम जिल्हा 1998 साली अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळे इथल्या वनस्पतींची माहिती हवी असेल तर कांबळे आणि प्रधान यांची 1988 सालची अकोला जिल्ह्याची वनस्पतिसूची उघडावी लागते. कुकचा मुंबई इलाख्याचा प्रसिद्ध ग्रंथ इथे पुरत नाही, कारण वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हतंच. मात्र बांधावर उभं राहून वेल ओळखायला ग्रंथ लागत नाही. कातरलेली पानं पाहून कारल्याची शंका येते, म्हणून पानावर विसंबू नये; तणावे पाहावेत. कारल्याचा तणावा पानाच्या पेरापाशी निघतो. कपाळफोडीचे तणावे जोडीने येतात आणि तेही फुलोऱ्याच्या लांब देठावर, फुलांच्या जरा खाली. चार पाकळ्यांची पांढरी फुलं इतकी बारीक असतात, की लक्ष जातं ते नंतर धरणाऱ्या फुगीर, कागदी, तीन धारांच्या फळाकडेच. रानपोपटीलाही फुगा असतो, पण ती वेल नव्हे, झुडूप. शिवाय तिच्या फुग्यात रसाळ फळ असतं. कपाळफोडीच्या फुग्यात तीन कप्पे आणि साधारणपणे तीनच बिया. बी काळं, गोल, आणि फळाला चिकटलेलं असतं त्या जागी पांढरा ठसठशीत बदाम. हा बदाम दिसला की शंका उरत नाही.

हा फुगा शोभेपुरता नाही. रिठ्याच्या कुळातल्या बिया शोषणारे ढेकणासारखे किडे असतात, त्यांना बाहेरून सोंड खुपसून मधल्या बीपर्यंत पोचावं लागतं. फुगा मोठा, तेवढं अंतर जास्त. अमेरिकेतल्या फ्लोरिडात हे किडे बाहेरून आणलेल्या, चपट्या फळांच्या एका झाडावर वळले आणि काही दशकांत त्यांची सोंड आखूड झाली. कॅरल आणि बॉइड यांनी 1992 साली हे मोजून दाखवलं. ऑस्ट्रेलियात मोठ्या फुग्याची परकी जात पसरली, तिथल्या किड्यांची सोंड मात्र लांबली. उत्क्रांती डोळ्यांदेखत दाखवणारी अशी उदाहरणं फार नाहीत, आणि त्यांतली दोन या एका वेलीच्या गोतावळ्यातली आहेत.

आता सोयाबीनकडे येऊ. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ही वेल सोयाबीनमधलं उपद्रवी तण मानली जाते. तिचं बी आकाराने आणि गोलाईने सोयाबीनच्या इतकं जवळ जातं, की बियाण्यातून ते वेगळं काढणं कठीण होतं. यावर कुणी म्हणेल, सोयाबीन पिवळं, हे काळं. निवडायला कितीसा वेळ लागतो? पण चाळणी रंग पाहत नाही, माप पाहते. गोल दाणा घरंगळवून वेगळा करणारं यंत्र गोलाई पाहतं. रंग पाहणारी यंत्रं आहेत, पण ती मळणीच्या खळ्यावर नसतात. फुगे तपकिरी होतात तेही सोयाबीन काढणीच्याच सुमारास. घरचंच बियाणं पुढच्या जूनमध्ये पेरणाऱ्या शेतकऱ्याने ते बी नकळत स्वतःच्याच हाताने ओळीत पेरलं, असं सहज घडू शकतं. डवरणीने दोन ओळींमधलं तण निघतं. ओळीतच उगवून झाडाला विळखा घालणारी वेल हाताने निंदावी लागते.

मग लावावीच कशाला, गोकर्ण काय वाईट आहे? गोकर्णाचं फूल अधिक देखणं आहे, हे मान्य. पण बारीक फूल, जोडीचे तणावे, फुगा आणि बदामाचं बी एवढं सगळं चार महिन्यांत दाखवणारी वेल मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवायला जास्त उपयोगी आहे, आणि परसात ओळखीची झालेली वेल शेतातही लवकर ओळखू येते. औषधी गुणांचा आधार मी घेणार नाही. तमिळनाडूत हिचा पाला डोशाच्या पिठात वाटून घालतात, सांधेदुखीवर तो चांगला मानतात. केरळच्या दशपुष्पांतही तिला जागा आहे. पण खाण्यातली परंपरा म्हणजे उपचाराचा पुरावा नव्हे.

लावायची पद्धत सोपी आहे. बीचं कवच टणक असतं, म्हणून बदामाच्या विरुद्ध बाजूने ते कानशीवर किंवा पॉलिश पेपरवर जरासं घासावं, रात्रभर पाण्यात ठेवावं आणि पाऊस स्थिरावला की पेरावं. ऊन भरपूर हवं, पाणी साचू नये. काळ्या जमिनीत गादीवाफा किंवा मोठी कुंडी बरी. आधाराला तुराट्या पुरतात. खरी मेहनत आश्विनात. वाळका फुगा हलका असतो, वाऱ्याने जातो, पाण्यावर तरंगतो. म्हणून हिरवेपणा जाऊ लागला की फुगे रोजच्या रोज खुडावेत, पुढच्या वर्षापुरतं बी डबीत ठेवावं आणि बाकीचं जाळावं, उकिरड्यावर टाकू नये. कारंजा-मंगरुळपीरसारख्या गावातल्या भिंतीआडच्या अंगणात हे जमण्यासारखं आहे. नाल्याकाठच्या किंवा शेताच्या धुऱ्यालगतच्या घराला मात्र मी ही वेल लावायला सांगणार नाही, मग मालक कितीही जागरूक असो.