साठ वर्षांनी सिनेमा कुणाचा?

अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली झळकला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात शंभराहून अधिक आठवडे चालला. या सिनेमाचा कॉपीराइट ३१ डिसेंबर २०१९ला संपला. हिशेब सोपा आहे: प्रदर्शनाचं वर्ष सोडायचं आणि पुढच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची.

१९५७च्या मूळ कॉपीराइट कायद्यात ही मुदत पन्नास वर्षांची होती; पुस्तकांसाठी ती लेखकाच्या मृत्यूपासून मोजत. रवींद्रनाथ टागोर १९४१मध्ये गेले. त्यांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१अखेर संपत आला, तेव्हा सरकारने घाईने अध्यादेश काढला आणि पुढे कायदा दुरुस्त केला. कवीच्या पुस्तकांसाठी वाढवलेली दहा वर्षं सिनेमांनाही लागू झाली. अमेरिकेत तर ही मुदत ९५ वर्षांची. मिकी माऊसचा १९२८चा ‘स्टीमबोट विली’ तिथे २०२४मध्ये खुला झाला.

सिनेमा सुटला म्हणून त्यातलं सगळं सुटतं, असं मात्र नाही. गीत, संगीत आणि पटकथा यांची मुदत लेखक-संगीतकाराच्या मृत्यूपासून मोजतात, तीही साठ वर्षांची. गीतकार गदिमा १९७७मध्ये गेले. म्हणजे ‘सांगत्ये ऐका’तल्या बुगडीच्या लावणीचे शब्द २०३७अखेरपर्यंत राखीव. पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची. ते २००१मध्ये गेले, म्हणून ती २०६१अखेरपर्यंत. याच गोष्टीवर कुणाला नवा सिनेमा काढायचा असेल, तर परवानगी घ्यावीच लागेल.

माझ्या मते खरी अडचण पुढेच आहे. मुदत संपली की हक्क सुटतो, पण ज्याच्याकडे प्रिंट किंवा निगेटिव्ह आहे त्याने ती लोकांना द्यावी, असं कायदा कुठेच म्हणत नाही. आणि फिल्म साठ वर्षं धड राहतेच असं नाही. ॲसिटेटची रिळं सडू लागली की डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. पट्टी आकसते, वाकते, प्रोजेक्टरच्या दात्यांत बसेनाशी होते. त्याआधीची नायट्रेट फिल्म तर झटकन पेट घेते. २००३मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला लागलेल्या आगीत अशी कितीतरी रिळं खाक झाली. त्यांचा हक्क आता कुणाकडेही असला, तरी दाखवायला काही उरलेलं नाही.

म्हणून या संग्रहालयाने दर १ जानेवारीला त्या वर्षी खुल्या झालेल्या सिनेमांची यादी जाहीर करावी. यादीतल्या ज्यांची धड प्रिंट संग्रहात आहे, ते सिनेमे तरी फिल्म सोसायट्यांना, शाळा-कॉलेजांना विनामूल्य द्यावेत.