क्षयरोग्याचें घर आणि घरचें ताट

कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या शाळेंतील आठव्या इयत्तेची एक मुलगी एकाएकीं यावयाची बंद झाली. चौकशी करतां असें कळलें कीं, तिच्या वडिलांस क्षयाची बाधा झाली असून शेजाऱ्यांनीं त्या घरीं जाणेंयेणें सोडलें आहे. इतकेंच नव्हे, तर पालकांपैकींच एकानें त्या मुलीस आपल्या मुलीच्या बांकावर बसवूं नये असा निरोप आम्हांकडे धाडला होता. आणि सांगण्यास लाज वाटते कीं, आम्हीं त्या निरोपास तत्काळ उत्तर दिलें नाहीं.

पुढें आम्हीं त्या घरीं गेलों. रोग्याचें ताट निराळें ठेवलें होतें. त्यांत भाकरी, डाळ, एक अंडें, असें जें काय घरांत चांगलें होतें तें सर्व होतें. मुलांस त्याच्या खालोखाल मिळालें होतें. माउली मात्र सर्वांचें झाल्यावर मडक्यांत जें उरेल त्यावर दिवस काढीत होती, आणि त्याविषयीं तिला कांहीं विशेष वाटतही नव्हतें. वडील सहा महिन्यांच्या औषधानें बरे झाले. परंतु ते बरे होतात न होतात तोंच आईस खोकला लागला व तिच्या थुंकींत तेच जंतू सांपडले. निराळ्या ताटानें तिचें रक्षण कां झालें नाहीं, व कशानें झालें असतें, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत राहिला. अलीकडे वैद्यकशास्त्रांत जें संशोधन झालें आहे त्यानें ह्या प्रश्नाचें बरेंच उत्तर मिळतें. तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

क्षयाचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख ह्यांनीं ता. २४ मार्च १८८२ रोजीं जगापुढें मांडला. त्यानंतर पांचच वर्षांनीं, म्हणजे १८८७ च्या फेब्रुवारींत, आपल्या महाराष्ट्राची पहिली स्त्रीडॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांस वयाच्या एकविसाव्या वर्षीं ह्याच रोगानें नेलें. शत्रूचें नांव कळलें होतें, पण हातीं शस्त्र कोणतेंच नव्हतें. ह्या जंतूची रीत अशी कीं, तो हवेंतून येतो. रोगी खोकतो, शिंकतो किंवा मोठ्यानें बोलतो तेव्हां सूक्ष्म तुषार हवेंत तरंगत राहतात, आणि बंद खोलींत ते श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसांत जातात. ताट, वाटी, कपडे व हस्तस्पर्श ह्यांनीं हा रोग पसरत नाहीं. म्हणून त्या घरीं ताट निराळें करण्यांत जी खबरदारी खर्ची पडली ती खिडकी उघडण्यांत खर्ची पडती तर बरें होतें.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. जंतू शरीरांत शिरला म्हणजे रोग झालाच असें नाहीं. शंभर माणसांच्या देहांत तो शिरला, तर त्यांपैकीं सुमारें पांच ते दहा जणांसच जन्मांत केव्हांतरी प्रत्यक्ष क्षय होतो, व तोही बहुधा पहिल्या दोन वर्षांत. बाकीच्यांच्या देहांत तो निजलेला राहतो. मग कोणाच्या देहांत तो जागा होतो? मधुमेह, तंबाखू व दारू ह्यांनीं बळ खचलेलीं माणसें त्यांत येतात खरीं. परंतु आपल्या देशांत सर्वांत मोठें कारण म्हणजे अर्धपोटीं राहणें. उंचीच्या मानानें वजन जसजसें घटतें तसतसा क्षयाचा धोका पायरीपायरीनें चढत जातो, असें अनेक देशांतील पाहणींवरून दिसून आलें आहे.

जुन्या काळच्या मिशनरी डॉक्टरांस हें अनुभवानें माहीत होतें. १९०६ सालीं अजमेरजवळ तिलोनिया येथें मिशननें क्षयरोग्यांसाठीं उघड्या हवेचें आरोग्यगृह काढलें; तें हिंदुस्थानांतील पहिलें समजलें जातें. १९१५ सालीं मदनपल्लीजवळ आरोग्यवरम् येथें अनेक मिशनांनीं मिळून चालविलेलें मोठें आरोग्यगृह उघडलें, व तेथें डॉक्टर फ्रिमॉट-म्यूलर ह्या डेन्मार्कच्या गृहस्थांनीं आपलें आयुष्य वेंचलें. आपल्याकडे मिरजेस डॉक्टर वानलेस ह्यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उभारलें. त्यांच्याच नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वानलेसवाडीचें क्षयरोग्यांचें आरोग्यगृह सांगली-मिरजेच्या लोकांस परिचित आहे. अशा ठिकाणीं औषध नव्हतें. स्वच्छ हवा, विश्रांति, दूध, अंडीं व पोटभर जेवण एवढाच काय तो उपचार होता. कित्येक बरे झाले, कित्येक तेथील दफनभूमींतच राहिले.

मग औषधें आलीं. १९४३ सालीं अमेरिकेंत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, व पुढील कांहीं वर्षांत आणखी गुणकारी औषधें निघालीं. १९५६ सालीं मद्रास येथें एक प्रयोग सुरू झाला, त्याचें महत्त्व आजही कमी झालेलें नाहीं. गरीब वस्तींतील १९३ रोग्यांचे दोन भाग करून कांहींस आरोग्यगृहांत ठेवलें व कांहींस घरींच औषध दिलें. आरोग्यगृहांतील रोग्यांस विश्रांति व उत्तम आहार होता. घरच्या रोग्यांस दाटीवाटीची खोली व ओढगस्तीचें जेवण. तथापि वर्षाअखेरीस दोहोंचा गुण जवळजवळ सारखाच आला, आणि घरीं राहिलेल्या रोग्यांमुळें कुटुंबांतील माणसांस अधिक बाधा झाली असेंही दिसलें नाहीं. ह्या प्रयोगानें लक्षावधि बापांस मुलांपासून व आयांस तान्ह्यांपासून दूर राहण्याच्या दुःखांतून सोडविलें. हें उपकारच होत.

परंतु ह्या उपकाराची एक उलटी बाजूही झाली. औषध असेल तर आहाराचें फारसें कारण नाहीं, असा समज वैद्यकांत रुजला, आणि रोग्याच्या ताटाकडे कोणी फारसें पाहीना. छत्तीसगडांत बिलासपूरजवळ गनियारी येथें ग्रामीण लोकांसाठीं चालविलेल्या एका रुग्णालयांत २००४ ते २००९ ह्या काळांत १६९५ क्षयरोग्यांचीं वजनें नोंदलीं गेलीं. तीं आम्हीं प्रथम वाचलीं तेव्हां मुद्रणदोष असावा असें वाटलें. पुरुषांचें मध्यम वजन सुमारें ४२ किलो, आणि स्त्रियांचें ३४ किलो! आमच्या सहाव्या-सातव्या इयत्तेंतील पुष्कळ मुलें याहून वजनदार आहेत.

तेथें काम केलेले डॉक्टर अनुराग भार्गव व डॉक्टर माधवी भार्गव ह्यांनीं हा प्रश्न पुढें नेला. जुन्या दप्तरांत शोधतां डॉक्टर अनुराग भार्गव व त्यांचे सहकारी ह्यांस इंग्लंडांतील पॅपवर्थ ह्या वसाहतीची हकीगत उपयोगी वाटली. तेथें १९१८ पासून क्षयरोगी आपल्या कुटुंबांसह राहत. त्यांस काम, नीटनेटकें घर व पुरेसें अन्न मिळे. औषध तेव्हां नव्हतेंच. तरीही त्या वसाहतींत जन्मलेल्या मुलांत, आईबाप रोगी असतांना, क्षयाचें प्रमाण फारच थोडें आढळलें. जंतू त्या मुलांच्या देहांत शिरला नव्हता असें नाहीं. तो शिरला, पण जागा झाला नाहीं.

हीच गोष्ट औषधाच्या ह्या युगांत, आपल्या देशांत, काटेकोरपणें तपासावी म्हणून झारखंडांतील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ ह्या वर्षांत एक मोठा प्रयोग करण्यांत आला. २८०० क्षयरोगी व त्यांच्या घरचीं १०,३४५ माणसें त्यांत होतीं. रोग्यांपैकीं पांचांतील चारांचें वजन उंचीच्या मानानें कमी होतें. सर्व रोग्यांस औषधाबरोबर दरमहा १० किलो शिधा सहा महिने देण्यांत आला. फरक केला तो घरच्या माणसांच्या बाबतींत. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणें निवडलेल्या निम्म्या भागांतील घरच्या प्रत्येक प्रौढ माणसास दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो तुरीची डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. उरलेल्या भागांतील घरच्या माणसांस तें मिळालें नाहीं. मग दोन्ही ठिकाणीं कोणास नव्यानें क्षय होतो ह्यावर लक्ष ठेवलें.

ह्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. ज्या घरीं तांदूळ व डाळ गेली, तेथें नव्या क्षयाचें प्रमाण ३९ टक्क्यांनीं कमी झालें. आणि फुप्फुसांचा जो क्षय दुसऱ्यास लागतो, तो ४८ टक्क्यांनीं घटला. सुमारें तीस कुटुंबांस असा शिधा दिला म्हणजे एक माणूस रोगापासून वांचतो, असा हिशेब निघाला. रोग्यांविषयींही एक गोष्ट ध्यानांत आली. औषधाच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचें वजन शेंकडा पांचनें वाढलें, त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारें ६१ टक्क्यांनीं कमी होता. तांदूळ आणि डाळ! कोणत्याही वाण्याच्या दुकानांत मिळणाऱ्या ह्या दोन वस्तू कोणा कारखान्यानें शोधून काढल्या असत्या, तर त्यांची केवढी जाहिरात झाली असती, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

यावरून औषध नको असा अर्थ कोणी काढील, तर तो घातक होय. रोग औषधानेंच जातो. अन्नानें देह तें पेलतो, आणि घरची इतर माणसें तग धरतात.

हें सर्व वाचतांना आम्हांस याईराच्या मुलीची गोष्ट वारंवार आठवली. ती बारा वर्षांची होती. प्रभूनें तिचा हात धरून तिला उठविलें. सभोंवतीं सर्व थक्क होऊन उभे होते. अशा प्रसंगीं स्तुतिस्तोत्र गावें, उपदेश करावा, असें कोणास वाटलें असतें. पण येशूनें काय सांगितलें? तिला कांहीं खावयास द्या, असें सांगितलें. मत्तयानें ही गोष्ट थोडक्यांत सांगतांना ती आज्ञा गाळली आहे. मार्क व लूक यांनीं ती राखली आहे, आणि लूक हा तर वैद्य होता असें आपण मानतों. लहानपणीं आम्हांस ती आज्ञा केवळ जातांजातां सांगितलेली वाटे. आतां तसें वाटत नाहीं. याकोबही आपल्या पत्रांत, उघड्यानागड्या व उपाशी बंधूस नुसतें गोड बोलून वाटेस लावणाऱ्या विश्वासाची हजेरी घेतो. रविवारच्या उपासनेंत आपण रोग्यांसाठीं प्रार्थना करतों, ती करावीच. यशयानें हिज्कीया राजासाठीं देवाचा निरोप आणला, तेव्हां गळवावर अंजिरांची चांदकी बांधण्यासही सांगितलें, हें विसरूं नये. प्रार्थनेवर भरंवसा म्हणून कोणीं गोळ्या बंद केल्या, असें आम्हीं एकदोनदां पाहिलें आहे. त्याचा परिणाम लिहवत नाहीं.

आतां घरीं काय करावें ह्याविषयीं थोडें. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, संध्याकाळीं ताप येऊं लागला, वजन उतरूं लागलें, तर सरकारी दवाखान्यांत थुंकी तपासावी. तपासणी व औषध दोन्हीं तेथें विनामूल्य आहेत. साध्या क्षयाचें औषध सहा महिने चालतें. दोन महिन्यांत बरें वाटूं लागतें, आणि तेथेंच पुष्कळजण फसतात. अर्धवट सोडलेल्या औषधास न जुमानणारा क्षय बळावतो, व तो बरा करणें कितीतरी कठीण असतें. योग्य औषध सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत रोग्यापासून इतरांस असणारा धोका पुष्कळ उतरतो. तोंवर त्यानें तोंडावर फडका धरावा, आणि खोलीच्या खिडक्या दिवसरात्र उघड्या असाव्यात. घरांतील पांच वर्षांखालील बालकांस तर आवर्जून तपासून घ्यावें. बी. सी. जी. ची लस लहानग्यांस भयंकर प्रकारच्या क्षयापासून जपते, परंतु ती आयुष्यभराची ढाल नव्हे. ज्यांस रोग नाहीं अशा घरच्या माणसांसाठीं आतां प्रतिबंधक औषधही मिळतें. त्याचा एक प्रकार आठवड्यांतून एकदां, असा बारा आठवडे घ्यावयाचा असतो.

ताटाविषयीं म्हणाल, तर महागड्या डब्यांतील पूड आणण्याचें कारण नाहीं. ज्वारी-नाचणीची भाकरी, तुरीचें वरण, मटकीची उसळ, शेंगदाण्याचें कूट, परवडेल तसें अंडें किंवा दूध, कोंकणांत सुकट. एवढ्यानेंही पुष्कळ भागतें. मात्र तें सर्वांच्या ताटांत पडलें पाहिजे. आईनें शेवटीं बसावें ही आपल्याकडील रीत आहे, आणि तिच्या ठायीं मोठें प्रेम आहे हें आम्हीं जाणतों. पण क्षयरोग्याच्या घरांत ती रीत बाजूस ठेवावी. रोग्यास आहारासाठीं सरकारकडून एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. रोग्यांस शिधा देणाऱ्या लोकांची जी सरकारी योजना २०२२ सालीं निघाली, तींत घरच्या माणसांसही घेण्याचें २०२४ सालीं ठरलें. आपली मंडळी किंवा एखादा वर्ग मिळून एका घराचा शिधा उचलूं शकतो.

ती मुलगी पुन्हां शाळेंत येऊं लागली, आणि तिची आईही औषध पुरें करून बरी झाली. तिच्या औषधाचे सहा महिने वर्गांतील मुलींनीं आपल्या घरून आळीपाळीनें डाळ आणिली. कोणासाठीं, हें त्यांस सांगितलें नव्हतें. शाळेच्या कचेरींत तेव्हांपासून वजनाचा कांटा ठेवला आहे, व तो शनिवारीं शाळा सुटल्यावर पालकांसही खुला असतो. ज्यांच्या घरीं असा आजार असेल त्यांनीं वर्गशिक्षकांस एकांतीं सांगावें. तें नांव वर्गांत घेतलें जाणार नाहीं, आणि त्या मुलाचा किंवा मुलीचा बांक बदलला जाणार नाहीं.