पवईतला कायदा : टॉवरला तारीख, झोपडीला बुलडोझर

कायद्यापुढे सर्व समान, हे वाक्य आपली मुले नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून पाठ करतात. परीक्षेत त्याला पूर्ण गुणही मिळतात. वाचकहो, संविधानाच्या कलम १४ मध्ये खरे तर दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत. एक, कायद्यापुढे समानता. दुसरी, कायद्याचे समान संरक्षण. पहिली सर्वांना ठाऊक असते, दुसरीकडे कोणाचे लक्ष जात नाही. आम्हाला आज या दुसऱ्या गोष्टीविषयीच आपल्याशी बोलायचे आहे, आणि त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. पवईत एकाच महापालिकेच्या एकाच एस विभागात, एकाच टेकडीच्या उतारावर दोन प्रकरणे घडली आहेत. दोन्हीकडे नियम मोडल्याचे बोलले गेले. नियम मोडल्यावर सरकार कोणाकडे कोणत्या वेगाने धावले, एवढेच आपण पाहू.

हेक्टरी एक रुपया

पवई, तिरंदाज आणि कोपरी या गावांच्या शिवारातली जमीन सरकारला विकासासाठी हवी होती. जमीनमालक कोर्टात गेले, वर्षे गेली, शेवटी तडजोड झाली. १९ नोव्हेंबर १९८६ रोजी राज्य सरकार, त्या वेळचे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि जमीनमालकांच्या वतीने विकासक हिरानंदानी यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. सुमारे २३० एकर जमीन ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. दर काय? हेक्टरी १ रुपया, म्हणजे एकरी ४० पैसे. २३० एकरांचा हिशेब आमच्या घरातल्या सातवीच्या पोराने मांडला तर उत्तर येते ९२ रुपये.

एवढी स्वस्त जमीन सरकार कोणालाही देत नाही. मोबदल्यात अटी होत्या. तिथे बांधायची निम्मी घरे ४० चौरस मीटरची आणि निम्मी ८० चौरस मीटरची असावीत. बांधलेल्यापैकी १५ टक्के घरे सरकारला चौरस फुटाला १३५ रुपये दराने द्यावीत. ४० चौरस मीटर म्हणजे सुमारे ४३० चौरस फूट. १३५ च्या दराने त्या घराची किंमत होते अंदाजे ५८ हजार रुपये. एखादा सरकारी शिपाई, बेस्टचा कंडक्टर, पालिकेचा सफाई कामगार कर्ज काढून हे घर घेऊ शकला असता. करार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लहान घरांचे पवई होते.

प्रत्यक्षात काय उभे राहिले ते आपण बसच्या खिडकीतून पाहतो. खांबांवर खांब, कमानींवर कमानी, आणि आत मोठमोठे फ्लॅट. लहान घरे एकमेकांना जोडून मोठी केली गेली, अशा तक्रारी झाल्या. २००८ मध्ये सुमारे २,००० कोटी रुपयांच्या दंडाचा आकडा पुढे आला. प्रकरण लवादाकडे गेले, आणि तो आकडा ३ कोटींच्या आसपास येऊन थांबला. विकासकाला हे आरोप कधीच मान्य नव्हते, आणि त्यांनी आपली बाजू नामांकित वकिलांमार्फत मांडली. तो त्यांचा हक्क होता, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

पुढे मेधा पाटकर यांच्यासह काही नागरिकांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्या. २२ फेब्रुवारी २०१२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला : करारातल्या ४० आणि ८० चौरस मीटरची तीन हजारांहून अधिक घरे आधी बांधा, मगच तिथे दुसरे बांधकाम करा. १९८६ चा करार आणि २०१२ चा आदेश. मध्ये २६ वर्षे. कराराच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर लग्नाला आले होते. या २६ वर्षांत पवईत एकाही टॉवरच्या दाराशी बुलडोझर उभा राहिला नाही, आणि आदेशानंतरही राहिला नाही. ते योग्यच झाले, असे आम्ही म्हणतो. तिथे पैसे भरून घर घेतलेल्या कुटुंबांचा काय दोष? त्यांच्या मुलांच्या डोक्यावरचे छप्पर काढून कोणाचे भले होणार होते? नोटीस, सुनावणी, लवाद, अपील, तारीख. माणसाला उघड्यावर न आणता कायदा कसा चालवता येतो, हे आपल्या राज्याला उत्तम कळते. पवई त्याचा पुरावा आहे.

६ जून २०२४

त्याच पवईत जयभीम नगर नावाची वस्ती होती. सुमारे साडेसहाशे झोपड्या, एका खासगी भूखंडावर. तिथले कितीतरी जण टॉवरच्या बांधकामावर बिगारी, गवंडी म्हणून आले आणि तिथेच राहिले. काहींची तिथे पंचवीस-तीस वर्षे गेली. बायका त्याच टॉवरमध्ये धुणीभांडी करीत, पुरुष वॉचमन, ड्रायव्हर, नाका कामगार. नाव ठेवले जयभीम नगर. नाव ठेवायला भाडेपट्टा लागत नाही.

२०२४ साली लोकसभेसाठी मुंबईत २० मे रोजी मतदान झाले. मतदार यादीला झोपडीचा पत्ता चालतो. ४ जूनला निकाल लागला. ६ जूनला पोलीस बंदोबस्तात पालिकेची माणसे आणि यंत्रे जयभीम नगरात आली आणि वस्ती पाडली. शाळा उघडायला आठवडा-दीड आठवडा होता. दप्तरे, रेशनकार्डे, गॅसच्या टाक्या, लग्नातली भांडी पत्र्यांखाली गेली. दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले, रहिवाशांवर गुन्हे दाखल झाले, धरपकड झाली. दगड उचलणे आम्हाला मान्य नाही. दगडाने वस्ती वाचत नाही, उलट वस्तीची पोरे कोर्टाच्या फेऱ्यात अडकतात आणि नोकरीच्या वेळी पोलीस दाखला अडतो. परंतु दगडाची चौकशी त्याच दिवशी सुरू झाली, बुलडोझरची चौकशी व्हायला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, हेही लिहून ठेवले पाहिजे.

पावसाळ्यात, १ जून ते ३० सप्टेंबर या काळात राहत्या झोपड्या पाडू नयेत, असा राज्य शासनाचाच २०२१ चा निर्णय आहे. सहा जून ही तारीख त्यात बसते की नाही, हे ठरवायला वकील लागत नाही, भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. पालिकेने राज्य मानवी हक्क आयोगाच्या आदेशाचा आधार सांगितला. माणसांच्या हक्कांसाठी नेमलेल्या आयोगाच्या नावावर माणसे पावसात निघाली! रहिवासी उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले, आणि त्यानंतर पालिकेच्या अधिकाऱ्यांसह इतरांविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला. त्या पावसाळ्यात अनेक कुटुंबे समोरच्याच फुटपाथवर ताडपत्री बांधून राहिली. वर टॉवरचे दिवे, खाली ताडपत्रीवर साचलेले पाणी काठीने ढकलणाऱ्या बायका.

कोणी म्हणेल, अहो, झोपडी बेकायदेशीर होती, जमीन दुसऱ्याची होती. असेल. आम्ही तो वाद इथे घालत नाही. आमचे म्हणणे असे की टॉवरवाल्याने करार मोडला की नाही हे ठरवायला जी शिडी वापरली, नोटीस, मग म्हणणे ऐकणे, मग दाद मागायला वेळ, त्या शिडीच्या पायऱ्या झोपडीवाल्यासाठीही आहेत. त्या कायद्यातच लिहिलेल्या आहेत. कलम १४ मधली दुसरी गोष्ट म्हणजे हीच.

आणि हा नियम काही नवा नाही. १९८१ च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना मुंबईबाहेर काढण्याचा हुकूम सोडला. त्याविरुद्धचा खटला ओल्गा टेलिस या पत्रकार बाईंच्या नावाने प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिले त्याचा मथितार्थ असा, की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कात येतो, कारण राहण्याची जागा हिरावली की कामही जाते. निकाल झोपडीवासीयांना पूर्णपणे अनुकूल नव्हता. फुटपाथवर राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. पण मुंबई महानगरपालिका कायद्याचे कलम ३१४, ज्याखाली नोटीस न देता अतिक्रमण उचलता येते, त्याबद्दल न्यायालय म्हणाले की हा अधिकार आहे, सक्ती नाही, आणि सर्वसाधारणपणे आधी माणसाचे म्हणणे ऐकावे. आणखी एक गोष्ट : पावसाळा संपून महिना होईपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणाला हलवू नये असे न्यायालयाने सांगितले. चाळीस वर्षांपूर्वी दिल्लीत बसलेल्या न्यायाधीशांना मुंबईचा पाऊस आठवला. तो भांडुपच्या विभाग कार्यालयाला आठवू नये?

श्रीमंतांवर कधीच कारवाई होत नाही, असे म्हणणेही खोटे ठरेल. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये पाच मजल्यांच्या परवानगीवर काही इमारती सतरा-वीस मजल्यांपर्यंत गेल्या. घरे घेणारे फसले, बिल्डर मोकळा राहिला. नोव्हेंबर २०१३ मध्ये पालिकेने फाटक तोडले, टीव्हीवर रडणारी कुटुंबे दिसली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिवशी स्वतःहून दखल घेऊन ३१ मे २०१४ पर्यंत मुदत दिली. त्या कुटुंबांचे अश्रू खरे होते. जयभीम नगरच्या आयाही टीव्हीवर रडताना दिसल्या. त्यांना मात्र वस्ती पडून गेल्यावर स्वतः वकील शोधावा लागला.

कागद सांभाळा

आता घरातल्या कामाचे थोडे, कारण हे पान घरात सर्वांनी वाचायचे आहे. आमच्या माता-भगिनींना विनंती, हे मोठ्याने वाचून दाखवा.

पालिका बांधकाम बेकायदेशीर ठरवते तेव्हा बहुधा कलम ३५१ ची नोटीस येते. तिला उत्तर द्यायला ७ दिवस असतात. नोटीस फाडू नये, घ्यायला नकारही देऊ नये. उत्तर लेखी द्यावे, पुरावे जोडावेत आणि पोहोच घ्यावी. साहेब तोंडी काही म्हणाले, त्याला कोर्टात किंमत नाही. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला झोपडपट्टी कायद्याचे संरक्षण आहे, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना सशुल्क पुनर्वसनाची तरतूद आहे. म्हणून जुने वीजबिल, मतदार यादीचा उतारा, मुलाच्या शाळेचा दाखला, फोटोपास या गोष्टी पत्र्याच्या पेटीत न ठेवता प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि त्यांची झेरॉक्स एखाद्या नातेवाइकाच्या घरी ठेवावी. घर पडते तेव्हा आधी कागद हरवतो, आणि मग कागद नाही म्हणून हक्क हरवतो.

भाजीची पाटी, वडापावची गाडी लावणाऱ्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. हटवण्याआधी ३० दिवसांची नोटीस लागते. माल उचलला तर यादी दिलीच पाहिजे. नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामाच्या दिवसांत, शुल्क भरून परत मिळाला पाहिजे. गाडीवाल्याला ही यादी मागायला सांगा. मागणारा दिसला की उचलणाऱ्याचा हात थोडा तरी थबकतो.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी बुलडोझर कारवाईबद्दल देशभरासाठी नियम घालून दिले. नोटीस नोंदणीकृत टपालाने, किमान १५ दिवसांची, म्हणणे ऐकून घेणे, आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून व्यक्तिशः भरपाई. जयभीम नगर पडले त्यानंतर पाच महिन्यांनी हा निकाल आला. त्यात एक पळवाटही आहे, ती माहीत असलेली बरी : रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गाच्या किंवा नदीच्या कडेची बेकायदा बांधकामे यांना हे नियम लागू नाहीत. आपल्या कितीतरी वस्त्या नेमक्या अशाच जागी आहेत. तिथे १९८५ चा निकाल हाताशी ठेवावा.

नोटीस दारावर चिकटवली असेल तर तिचा फोटो मोबाईलवर काढा, मागेपुढे शेजारची दोन घरे दिसतील असा. त्या दिवशीची तारीख आणि वेळ वहीत लिहा. वस्तीतल्या शिकलेल्या एका मुलाला किंवा मुलीला सगळ्यांच्या नोटिसांची एक यादी करायला सांगा : घर नंबर, नाव, तारीख, उत्तर दिले की नाही. आणि ती वही कोणा एका पुढाऱ्याच्या घरी ठेवू नका. दोन प्रती करा.