घाट आणि दगडी चढ

मुंबईहून पुण्यास एका दिवसात सायकलीने जावयाचे, या कल्पनेनेच पुष्कळांच्या पोटात गोळा उठेल. तथापि 1945 साली सुरू झालेल्या मुंबई-पुणे शर्यतीने तोच पण लावला. सुमारे दीडशे किलोमीटरांच्या त्या वाटेत खरी परीक्षा बोरघाटाची. तो प्रथम चढून जाणारास ‘घाटाचा राजा’ हा निराळा मान मिळे.

एवढ्या लांब शर्यतीत चढासच इतके महत्त्व का? याचे उत्तर वाऱ्यात आहे. सपाटीवर वेगाने जाणाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्ची पडते. त्याच्या पाठीशी लगटून येणारास आयता आडोसा लाभतो व त्याचे पाव हिश्श्याहूनही अधिक श्रम वाचतात. तरुणपणी पारशिवनीहून रामटेकास जाताना समोरून वारा असला, की मी एका धिप्पाड सहशिक्षकांच्या मागे राहत असे. ते त्यास माझा विनय समजत! चढावर मात्र वेग मंदावतो, आडोसा निरुपयोगी ठरतो आणि ज्याचा देहभार त्यानेच वर न्यावयाचा असतो.

बेल्जममधील फ्लँडर्स प्रांतात 1913 पासून होत आलेली धंदेवाईक सायकलपटूंची शर्यतही एकाच दिवसाची. तेथील टेकड्या बुटक्या, परंतु त्यांवरील वाटा ओबडधोबड दगडांनी बांधलेल्या. कोपनबर्ग नावाचा चढ अवघा 600 मीटरांचा. पण एके ठिकाणी तो शंभरास बावीस या प्रमाणात उभा होतो. ओल्या दगडावर उभे राहून पायटे मारावे तर मागले चाक घसरते. बसून मारावे तर बळ पुरत नाही. वाट इतकी अरुंद, की एक अडला म्हणजे मागील सर्वांना उतरून सायकली ढकलाव्या लागतात. म्हणून पायथ्याशी आधी पोचण्याकरिताच झुंज जुंपते. संघातील सोबती वारा अंगावर घेऊन आपल्या नायकास तेथवर आणतात आणि स्वतः थकून मागे पडतात. विजेत्यापेक्षा मला त्यांचेच कौतुक अधिक वाटते.

पुढे असणेही निर्धोक नव्हे. 1987 साली डेन्मार्कचा येस्पर स्किबी आघाडीवर असता कोपनबर्गवर कोसळला, आणि मागून येणारी खुद्द शर्यतीच्या अधिकाऱ्याची मोटार त्याच्या सायकलीवरून गेली! त्यानंतर तो चढ वगळण्यात आला. तो परत आला 2002 साली.

आपला बोरघाट लांब व डांबरी. तेथे चाक घसरण्याचे भय थोडे. तेथे दम संपतो. खोपोलीस सर्वांपुढे असलेला गडी खंडाळ्यास दिसेनासा होतो.