दरड कोसळते, तेव्हा जीवाश्म हाती लागतात

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेटमध्ये लाइम रीजिस आणि चार्मथ ही दोन गावं आहेत. त्यांच्या मधला ‘ब्लॅक वेन’ नावाचा काळपट कडा सतत खचत असतो. त्याच्या माथ्यावर वालुकाश्म आहे, त्यात पावसाचं पाणी मुरतं. खाली ज्युरासिक काळातली चिकणमाती आणि शेल हा मातीचाच पापुद्री खडक. तिथे पाणी अडतं, साचतं, माती निसरडी होते आणि वरचा भार घसरू लागतो. पायथा लाटा पोखरत असतातच. मे २००८ मध्ये इथला सुमारे ४०० मीटरचा पट्टा किनाऱ्यावर कोसळला.

ही पडझडच जीवाश्म उघडे पाडते. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या गाळात गाडले गेलेले प्राणी दरडीबरोबर खाली येतात. लाटा चिखल धुऊन नेतात आणि वाळूत उरतात नखाएवढे अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाचे समुद्री जीव. त्यांच्या कवचाची जागा पायराइट या खनिजाने घेतलेली असते, त्यामुळे ओल्या गोट्यांत पितळी झाक दिसते. जवळ धरलं की वेटोळ्यावरची एकेक बारीक कंगोरा मोजता येतो. आपल्या देवघरातला शाळिग्राम बहुधा अशाच अमोनाइटचा असतो, फक्त तो नेपाळच्या गंडकीतून येतो.

याच किनाऱ्यावर जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग (१७९९–१८४७) वाढली. सुताराची मुलगी, शिक्षण जेमतेम. १८११ मध्ये भावाला इक्थिओसॉर या समुद्री सरीसृपाची कवटी दिसली, पुढच्या वर्षी तिने उरलेला सांगाडा शोधला. १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉर या दुसऱ्या समुद्री सरीसृपाचा संपूर्ण सांगाडा मिळाला. ती हिवाळ्यात, ताज्या दरडींखाली शोधायची. १८३३ मध्ये अशाच एका दरडीखाली तिचा कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत गेला. बाईमाणूस म्हणून लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीची दारं तिला बंदच होती. हा अन्याय होता, आणि त्याला तसंच म्हणायला हवं.

जीवाश्म वेचणं म्हणजे वारशाची लूट, असं अनेकांना वाटतं. इतरत्र ते खरंही असेल, पण इथे जे उचललं नाही ते भरतीच्या लाटा फोडून टाकतात. म्हणून इथे वेचायला मुभा आहे. महत्त्वाचं काही सापडलं तर चार्मथच्या वारसा केंद्रात नोंद करायची. कधी तिकडे गेलात तर ओहोटीची वेळ पाहून उतरा, वाळूतच शोधा. कड्यावर हातोडा चालवू नका, आणि पावसानंतर त्याच्या पायथ्याशी मुळीच थांबू नका.