टेकू घ्यावा पारखून

महाडच्या चवदार तळ्यावरून निघून, पोलादपूर मागे टाकून आंबेनळी घाट चढले, की महाबळेश्वरमार्गे सातारा गाठता येतो. याच साताऱ्यात सराव करून अदिती स्वामी व ओजस देवतळे ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये कंपाउंड धनुष्याचे जगज्जेते झाले. अदिती तेव्हा अवघी १७ वर्षांची! आपल्याही घरी एखादे पोर धनुष्याचा हट्ट धरील. पाठोपाठ ‘पडता टेकू’ही मागेल.

हा टेकू प्रत्यंचा ओढताना बाण उचलून धरतो, बाण सुटताच खाली पडतो. बाणाची पिसे त्याला घासत नाहीत. युक्ती नामी खरी! पण तो हलतो एका बारीक दोरीवर. ती बांधण्यात जरा चुकले, की पिसे टेकूवर आपटलीच. ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम ८ सेंटिमीटरचे. तिथे एवढी धडकही पुरते. नवशिक्याला, माझ्या मते, पोलादी पट्टीचा साधा टेकू बरा; त्यात हलणारे काही नाही.

तरीही हट्ट असेल, तर दुकानातच पिसांना पावडर लावून दोनचार बाण सोडायला लावा. टेकूवर डाग उठला, तर दोरी पुन्हा बांधून घ्या. पैसे नंतर मोजा.